विजेची मोटार आणि दुधाची वही
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोटारीवर तू काय बोलणार, असे घरी सर्वांनीच विचारले! पण हिशेबाची वही मी वीस वर्षे लिहीत आले आहे. तिच्याच आधाराने बोलते.

आमच्या थोरल्या चिरंजीवांना विजेची मोटार घ्यावयाची आहे. "रस्त्यातच वीज संपली म्हणजे?" हा त्याच्या वडिलांचा प्रश्न. रोज जेवताना हाच वाद. शेवटी मी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर महिनाभर आमच्या पेट्रोलच्या गाडीचे किलोमीटर मांडले. 30 दिवसांपैकी 27 दिवस मोंढा, बाजार, मुलीचा क्लास धरून गाडी 20 च्या वर गेली नाही. एकदा राजूरच्या गणपतीला गेलो. दोनदा सासूबाईंच्या डोळ्यांसाठी छत्रपती संभाजीनगर, जाऊन-येऊन सव्वाशेच्या आसपास.

आता मोटारीची बाजू. 2022 साली टिआगो ईव्ही ही लहान गाडी आली. तिच्या मोठ्या बॅटरीत 24 युनिट वीज मावते. युनिट तेच, आपल्या बिलातले. कंपनीने तिला 315 किलोमीटर सांगितले होते, पण तो तपासणीतला आकडा. मे महिन्यात एसी लावून समृद्धी महामार्गावर वेगाने गेले की साठा भराभर उतरतो. म्हणून मी 200 च धरले. तेवढ्यातही संभाजीनगर करून घर गाठता येते. ठाण्याला नणंदेकडे मात्र एका दमात नाही. 5 जून 2025 पासून समृद्धी पूर्ण झाला, तरी वाटेत तासभर थांबून चार्जिंग करावे लागेलच. वर्षातून एकदा थांबू, डबा खाऊ.

खरी अडचण निराळीच. मागच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता सासूबाईंच्या छातीत दुखू लागले. डॉक्टरांनी संभाजीनगरला न्यावयास सांगितले. "त्या रात्री बॅटरी रिकामी असती तर?" असे हे विचारतात. मी म्हटले, त्या रात्री पेट्रोलचाही काटा खाली होता, आणि उघडा पंप सापडेपर्यंत आपला जीव कुठे होता ते आठवा! त्यावर हे गप्प राहिले.

भगिनींनो, नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या जालन्यात आपण हंडा तळाला जाईपर्यंत कधी थांबलो आहोत का? मोटारही अर्ध्याखाली उतरू द्यावयाची नाही. अर्ध्यावर शंभर किलोमीटर होतात. संभाजीनगर साठावर आहे. पण संध्याकाळीच वीज गेली आणि पहाटेपर्यंत आली नाही, तर? याला माझ्या वहीत उत्तर नाही. आणि ज्यांची गाडी गल्लीत उभी राहते, त्यांनी रात्री वायर कुठून आणावी? आम्हांला अंगण आहे म्हणून मी बोलते आहे.

गीझरला लागतो तसा 15 अँपिअरचा प्लग अंगणात काढावा लागेल, अर्थिंगही नीट हवे. वायरमनला उद्या सकाळी बोलावले आहे. तो खर्च सांगेल, मग वही पुन्हा ह्यांच्यापुढे ठेवीन.