पाण्याचा ताळेबंद, बियांची वही
अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. पडलेला पाऊस, विहिरींची पातळी मोजायची. माणसांचं, जनावरांचं पाणी आधी राखायचं. उरलेल्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. हे शहाणपण नोंदींत उतरलं, ही फार मोलाची गोष्ट.

याच जिल्ह्यात, कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं. पण बी राखेत कसं ठेवायचं, कधी पेरायचं, हे सांगणाऱ्या आजीच्या बोलण्याचं काय? 2002च्या जैवविविधता कायद्याखाली गावात होणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीत ते लिहिता येतं. ती वही कपाटात बंद नको. गावाच्या संमतीनं एक प्रत वाचनालयात ठेवा आणि आजीचा आवाजही तिच्या नावासह मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या.