वही नसलेली मुलं



अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी आपल्यापैकी अनेकांनी वाचली आहे. मला आज बोलायचं आहे ते त्या रोजनिशीला लाभलेल्या माणसांबद्दल. तेराव्या वाढदिवसाला, 12 जून 1942 रोजी, तिला वही मिळाली. मार्च 1944 मध्ये लंडनहून रेडिओवर एका डच मंत्र्यानं आवाहन केलं, की युद्धकाळातल्या रोजनिशा, पत्रं जपून ठेवा. ते ऐकून अ‍ॅन आपलं लिखाण पुन्हा नीट लिहून काढू लागली. 4 ऑगस्टला लपण्याच्या जागी धाड पडली, फ्रँक कुटुंबाला पकडून नेलं. मागे विखुरलेले कागद मीप खीस आणि बेप फॉस्काउल यांनी गोळा केले, आणि मीपबाईंनी ते न वाचता खणात ठेवून दिले. अ‍ॅन 1945 च्या आरंभी बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत वारली. वडील तेवढे वाचले, आणि 1947 मध्ये पुस्तक निघालं.

वही देणारं, लिही म्हणणारं, कागद उचलणारं कुणीतरी तिथं होतं. बस्तरच्या मुलांना यातलं काय मिळालं?

2005 मध्ये माओवाद्यांविरुद्ध सलवा जुडूम सुरू झालं. गावं ओस पडली, माणसं छावण्यांत आली, कित्येक कुटुंबं गोदावरीपलीकडे निघून गेली. माओवाद्यांनी शाळा उडवल्या, उरलेल्या काही शाळांत सुरक्षा दलांनी तळ ठोकला. त्या रिकाम्या कराव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. माओवाद्यांच्या बाल संघम या मुलांच्या संघटनेतही मुलं ओढली गेली. 28 जून 2012 च्या रात्री बिजापूर जिल्ह्यातल्या सारकेगुडात सतरा माणसं सुरक्षा दलांच्या गोळीबारात मेली, त्यांत अल्पवयीन मुलंही होती. न्यायमूर्ती अग्रवाल आयोगाचा अहवाल 2019 मध्ये बाहेर आला: मेलेले माओवादी असल्याचा पुरावा नाही. या मुलांबद्दल आपल्या हाती आहे ते एवढंच, चौकशी अहवालातलं. तिथं वय असतं, जखमेची जागा असते. त्यांतल्या एखाद्या मुलीला कुणाचा राग येत होता, कोण आवडत होतं, हे नसतं. अ‍ॅनच्या वहीत नेमकं तेच आहे, म्हणून ती आपली वाटते.

आणि मुलांना त्यांचं सांगू देणं आपल्याला जमत नाही असं नाही. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत मुलं पुष्कळ होती. त्यांच्यासाठी नुसता निवारा नव्हता, पोलिश भाषेतल्या शाळा होत्या. आपलं दुःख ज्या भाषेत सांगता येईल ती भाषा त्यांच्यापासून कुणी काढून घेतली नाही.

बस्तरमधल्या पोटा केबिन या निवासी शाळांनी मुलांना जेवण, अंथरूण, अक्षरं दिली. हे काम मोठंच आहे, मी ते कमी लेखणार नाही. पण घरी गोंडी बोलणारं मूल तिथं मुख्यतः हिंदीत शिकतं, आणि गावातल्या सारकेगुडासारख्या रात्रीबद्दल बोलायला त्याच्याजवळ शब्द उरत नाहीत.

रायपुरात, गुढियारीला, 2010 पासून प्रयास विद्यालय आहे. नक्षलग्रस्त भागातली मुलं तिथं राहून अभियांत्रिकीच्या, वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षांची तयारी करतात. निकाल लागला की आपण गुण विचारतो. माझी विनंती एवढीच, की या मुलांना कोऱ्या वह्या द्याव्यात आणि गोंडीत, हलबीत, देवनागरी अक्षरांत हवं ते लिहू द्यावं. त्यांनी दाखवलं तरच वाचावं. नाही दाखवलं, तर मीपबाईंनी ठेवलं तसं जपून ठेवावं.