चुकलेले छिद्र आणि कारागिराची कसोटी

(प्रशिक्षणार्थी, शिक्षक, अधिकारी व ग्रामस्थ यांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोव्यातील सत्तरी-सांग्याच्या किंवा बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या रानालगतच्या गावांत ठासणीची बंदूक म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, वर गोळी किंवा छर्रे घालावयाचे आणि गजाने ते घट्ट ठासावयाचे, अशी ही जुनी रीत आहे. पिकाच्या राखणीसाठी अशा बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही आहे. गोमंतकाचा या विद्येशी संबंध तर फारच जुना आहे. १५१० साली गोवा घेतल्यानंतर अल्बुकर्कने आपल्या राजाला पाठविलेल्या पत्रांतून येथील बंदूक-कारागिरांच्या कौशल्याची वाखाणणी केली होती.

तथापि आजच्या व्याख्यानाचा विषय बंदुकीचा पराक्रम हा नाही. बंदूक घडविताना सामता वाकडा गेला, छिद्र नको तेथे पडले, तर कारागीर काय करतो, एवढाच मर्यादित प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. हा विषय वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु लाकूड आणि लोखंड हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रसंग येतो, आणि त्या वेळी तो कसा वागतो यावरून त्याची पारख होते. उदाहरण म्हणून अमेरिकेतील लांब नळीची ठासणीची रायफल घेणे सोयीचे आहे. कारण ती जुन्या पद्धतीने हाताने घडविण्याची परंपरा त्या देशात आजही जिवंत आहे.

पेनसिल्व्हेनियाची लांब रायफल

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनी व स्वित्झर्लंडमधून आलेले कारागीर पेनसिल्व्हेनिया प्रांतात, विशेषतः लँकेस्टरच्या परिसरात, स्थायिक झाले. त्यांच्या मायदेशातील शिकारी रायफल आखूड व जाड नळीची होती. नव्या देशातील अरण्यांत दारू आणि शिसे जपून वापरणे भाग होते. त्यामुळे नळी हळूहळू लांब झाली आणि तिचे भोक लहान झाले. साडेतीन फूट किंवा त्याहून अधिक लांबीची अष्टकोनी नळी आणि लहरी रेषांच्या मेपल लाकडाचा, नळीच्या तोंडापर्यंत पोहोचणारा सडपातळ दस्ता, असे तिचे रूप ठरून गेले. पुढे केंटकीकडील शिकाऱ्यांमुळे ती ‘केंटकी रायफल’ या नावाने प्रसिद्ध झाली; पण तिचे माहेर पेनसिल्व्हेनियाच होय.

व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग या जुन्या राजधानीच्या गावी अठराव्या शतकातील जीवन जसेच्या तसे उभे करण्यात आले आहे. तेथील बंदूक-कारागीर वॉलेस गस्लर यांनी लोखंडाच्या पट्टीपासून सुरुवात करून संपूर्ण रायफल हाताने कशी घडविली, हे १९६९ च्या एका माहितीपटात टिपलेले आहे. पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळणे, घणाच्या घावांनी तिचा सांधा जोडणे, नळी आतून क्रमाक्रमाने कोरून काढणे, तिच्यात पिळाच्या चरी पाडणे, ही सारी कामे त्यात पाहावयास मिळतात. कित्येक आठवड्यांच्या या श्रमांनंतर नळी दस्त्यात बसविण्याची वेळ येते, आणि येथपासून प्रत्येक छिद्र कारागिराची परीक्षा घेऊ लागते.

सामता वाकडा का जातो

छिद्र चुकण्याची कारणे साधी आहेत. पात्याच्या दोन धारा सारख्या नसल्या, तर एकच धार कापते आणि पाते एका बाजूस सरकते. धातूवर आधी ठोकणीने खूण केली नाही, तर टोक घसरते. लाकडात मऊ आणि कठीण थर आलटून पालटून येतात. पाते नेहमी मऊ थराची वाट धरते. लहरी मेपल दिसावयास जितके सुंदर, तितकेच भोक पाडण्यास फसवे असते. आणि पाते जितके लांब, तितके ते लवते.

या सर्व अडचणी गजाच्या छिद्रात एकत्र येतात. गज नळीच्या खाली राहतो. दस्त्याच्या पुढील भागात त्याच्यासाठी उघडी खाच असते. परंतु मागील सुमारे एक फूट अंतर त्याला लाकडाच्या आतून जावयाचे असते. वर नळीची पन्हळ आणि खाली हे छिद्र, यांच्यामध्ये जेमतेम एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीचा लाकडी पडदा उरतो. लांब सळईच्या टोकाला जोडलेले पाते आत कोठे चालले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. कारागीर वारंवार थांबतो, बाहेरून खोली मोजतो, आणि दस्त्याच्या अंगावर शिसपेन्सिलीने आखलेल्या रेषेशी सळई ताडून पाहतो.

लाकडातील चूक

पाते वर सरकून नळीच्या पन्हळीत उघडे पडले, तर ती त्यातल्या त्यात सौम्य चूक समजावी. नळी काढून पाहता येते, फटीवर त्याच लाकडाची पातळ पट्टी सरसाने बसविता येते आणि छिद्राची खालची बाजू किंचित खरवडून गजाला सरळ वाट करून देता येते. नळी बसली की ती दुरुस्ती झाकली जाते.

पाते खाली किंवा बाजूला गेले तर मात्र काम वाढते. खाली गेल्यास दस्त्याचे पोट पातळ होऊन फुटण्याची भीती असते. बाजूला गेल्यास कळीची कमान जेथे बसते त्या खोबणीत ते शिरते. अशा वेळी अर्धवट उपाय उपयोगी पडत नाही. त्याच जातीच्या लाकडाचा दांडा, रेषा लांबीच्या दिशेने ठेवून, सरस लावून छिद्रात पुरा बसवावा, तो नीट वाळू द्यावा आणि मग छिद्र पुन्हा पाडावे. दुसऱ्या वेळी पाते जुन्या व नव्या लाकडाच्या सांध्याकडे ओढले जाते. म्हणून सळई उघड्या खाचेत दाबून धरणारा जाड लाकडी ठोकळा वर बांधावा लागतो. घाईने केलेली दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडते.

नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या मेखांची छिद्रे तारेइतकी बारीक असतात. त्या मेखा लाकडातून आरपार जाऊन नळीखालील लोखंडी जिभांतून निघतात. एखादी मेख जिभेला चुकवून गेली, तर लाकडातील भोक बुजवावे लागते. येथे नवशिके बहुधा गोल खुंटी ठोकतात. आडव्या कापाची ही खुंटी रंग लावताच काळी पडते आणि चूक आरशासारखी दाखविते. जाणता कारागीर पृष्ठभागावरील भोक पटाशीने लांबट, टोकदार करतो आणि आजूबाजूच्या रेषांशी जुळणारी बारीक पाचर तेथे बसवितो. मग पाहणाऱ्याची नजर रेषेवरून पुढे निघून जाते.

लोखंडातील चूक

कळ म्हणजे चकमक, घोडा आणि कमान यांची जोडणी. ती ज्या लोखंडी पट्टीवर असते, तिला दस्त्यातून आरपार आलेले मळसूत्र धरून ठेवते. ते नळी आणि गज यांच्यामधील अरुंद जागेतून न्यावे लागते. त्याला वाट मिळाली नाही, तर पट्टी बिघडविण्यापेक्षा गजाचे टोक निमुळते करणे किंवा गज थोडा आखूड ठेवणे शहाणपणाचे असते.

पट्टीवरच छिद्र चुकीच्या जागी पडले असेल, तर त्यात आटे पाडून त्याच धातूचे मळसूत्र सरकीप्रमाणे घट्ट पिळावे, डोके कापावे, हलक्या हातोडीने दोन्ही अंगांनी ठोकावे आणि कानशीने सपाट करावे. त्यानंतर खूण करून नवे छिद्र पाडावे. काम स्वच्छ झाले तर सांधा शोधावा लागतो. ही दुरुस्ती येथे चालते. कारण पट्टीला स्फोटाचा दाब सोसावयाचा नसतो.

दस्त्याच्या वरून चापाच्या पट्टीपर्यंत जाणारे छिद्र एकाच बाजूने पाडू नये. दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे पाडावे, म्हणजे चूक झालीच तर ती मध्ये लाकडात राहते आणि रुंद करून निभावून नेता येते.

बंदुकीचा कान

आता सर्वांत नाजूक छिद्राकडे वळावयाचे. तोफेचा कान सर्वांना ठाऊक आहे. माघार घेताना तोफा शत्रूच्या उपयोगी पडू नयेत म्हणून त्यांच्या कानांत खिळे ठोकीत, हे इतिहासाच्या पुस्तकांतून वाचावयास मिळते. रायफलीलाही असाच कान असतो. वाटीतील रंजक पेटते आणि तिची ज्वाला या कानातून आतील दारूपर्यंत पोहोचते. हे छिद्र सुमारे एक षोडशांश इंचाचे असते. ते वाटीच्या पातळीशी जुळले पाहिजे आणि नळीच्या मागील तोंडात बसविलेल्या पेचाच्या पुढे पडले पाहिजे. ते मागे पडले तर पेचावरच आदळते आणि बार उडत नाही.

कान थोडासाच चुकला असेल, तर छिद्र मोठे करून, आटे पाडून, त्यात मध्यभागी बारीक भोक असलेली धातूची लहान सरकी पिळून बसविता येते. झिजलेल्या कानासाठीही हाच उपाय जुन्या काळापासून रूढ आहे. सरकी जितकी जागा व्यापते तेवढ्यापुरतीच क्षमा मिळते. चूक त्याहून मोठी असेल, तर कळीची जागा बदलावी लागते किंवा नळी नव्याने तयार करावी लागते.

जेथे क्षमा नाही

येथे एक सीमारेषा आखावी लागते आणि या व्याख्यानाचे सारही तेच आहे. बार उडतो त्या क्षणी नळीच्या मागील भागात दर चौरस इंचास हजारो पौंड दाब निर्माण होतो. ७/८ इंच रुंदीच्या अष्टकोनी नळीत अर्ध्या इंचाचे भोक असेल, तर सपाट बाजूस भिंतीची जाडी उरते ३/१६ इंच, म्हणजे पाच मिलिमीटरांहूनही कमी. जीभ बसविण्यासाठी खालून खाच कापताना किंवा छिद्र पाडताना हात खोल गेला, तर ही भिंत कागदासारखी पातळ होते किंवा पाते आरपार निघते.

अशी नळी बाहेरून सुधारता येते. डाग देऊन, कानशीने घासून, वर गंजाचा तपकिरी रंग चढविला की खरेदीदाराला काहीही दिसणार नाही. परंतु डागाचे मऊ मिश्रण असा दाब धरून ठेवू शकत नाही. ती नळी पहिल्या बाराला फुटेल किंवा पन्नासाव्या बाराला फुटेल; आणि त्या वेळी तिच्याजवळ ज्याचा चेहरा असेल, त्याने ती चूक केलेली नसेल. म्हणून प्रामाणिक कारागीर अशी नळी बाजूला काढतो. आठवड्यांचे श्रम वाया गेले तरी चालतील, असे त्याने आधीच मनाशी ठरविलेले असते. कारण हानी डोळ्यांसमोर असताना निर्णय घेणे कठीण जाते.

थोडक्यात, दुरुस्तीपूर्वी विचारावयाचा प्रश्न असा की, या जागी भार कोणता येतो? केवळ शोभेला बाध येत असेल, तर पाचर मारावी. पकड ढिली होत असेल, तर भोक पूर्ण बुजवून पुन्हा पाडावे. पण जेथे माणसाच्या जिवाचा भार येतो, तेथे ठिगळ लावू नये.

सर्वांसाठी दोन शब्द

शिक्षकांनी यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. चुकलेले छिद्र दाखविणाऱ्या विद्यार्थ्याला जेथे फक्त बोलणी बसतात, तेथे तो पुढची चूक झाकण्यास शिकतो. चूक लगेच सांगितली तर पाचरीने भागते. लपविली तर ती नळीपर्यंत जाते. टाकाऊ लाकडावर मुद्दाम वाकडी भोके पाडून ती बुजविण्याचा सराव देणे हेही शिक्षणच आहे.

ग्रामस्थ बंधूंनी कायदा ध्यानात ठेवावा. अमेरिकेत जुन्या धर्तीच्या ठासणीच्या बंदुकांना १९६८ च्या केंद्रीय कायद्यातून बरीच सूट आहे. म्हणून तेथे हौशी लोक त्या घरी घडवितात. भारतात तसे नाही. शस्त्र अधिनियमानुसार विनापरवाना बंदूक बनविणे हा गुन्हा आहेच, पण दुसऱ्यासाठी ती दुरुस्त करण्याचा धंदाही परवान्यावाचून करता येत नाही. घरातील परवान्याच्या बंदुकीचा कान झिजला किंवा नळीला चीर दिसली, तर गावच्या लोहाराकडे डाग देण्यास नेऊ नये. परवानाधारक कारागिराकडेच न्यावी. लोहाराचे कसब कमी आहे म्हणून हे सांगितले जात नाही. त्याच्या डागाने नांगर चालेल, विळा चालेल, बैलगाडीची धावही चालेल. नळी मात्र चालणार नाही.

अधिकारीवर्गानेही एवढे पाहावे की, परवान्याच्या नूतनीकरणासाठी आलेली जुनी बंदूक केवळ क्रमांक ताडून परत केली जाऊ नये. तिच्या नळीची आणि कानाची स्थितीही विचारली जावी.

सामता कोणाचाही वाकडा जातो. लँकेस्टरच्या कारागिरांचाही गेला होता. त्यांच्या जुन्या रायफलींच्या दस्त्यांत लाकडाची बारीक ठिगळे आजही आढळतात. ती ठिगळे पाहून कोणी त्यांना कमी लेखत नाही. ज्या नळ्या त्यांनी टाकून दिल्या, त्या कोणत्याही संग्रहालयात ठेवलेल्या नाहीत. पण त्यांची खरी कीर्ती त्या न दिसणाऱ्या नळ्यांवरच उभी आहे.