आवडती ॲप आणि आपला अंगठा



विषय दिलाय 'आवडती सोशल मीडिया ॲप'. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सगळा दिवस स्क्रीनसमोर जातो, म्हणून बोलावलं असावं. माझी आवडती ॲप चार: व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल आणि इन्स्टाग्राम.

व्हॉट्सॲपची किंमत आपल्याकडे पावसाळ्यात कळते. कोयना धरणातून सोडलेलं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीला येतं. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. अशा वेळी कोणत्या गच्चीवर माणसं अडकलीत, जेवण कुठे पोचवायचं, हे ग्रुपवरून कळतं. तिथे बोट मागणाऱ्याची जात-धर्म कोणी विचारत नाही. पण त्याच ग्रुपवर जुना व्हिडिओ फिरला, तर मदत चुकीच्या गल्लीत जाते. म्हणून मेसेजमध्ये तारीख, वेळ आणि ठिकाण पाहिजेच.

टेलिग्राम मोठ्या फाइलींसाठी चांगलं. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स तुम्ही तिथूनच घेता. मात्र त्यावरचं साधं बोलणं पूर्ण गुप्त नसतं. गुप्तता हवी तर 'सीक्रेट चॅट' वेगळं उघडावं लागतं, आणि ग्रुपला ती सोय नाही. सिग्नलवर सगळंच बोलणं मुळात गुप्त. त्याच तंत्रावर व्हॉट्सॲपनेही २०१६ मध्ये आपले मेसेज कुलूपबंद केले. पण कुलूप वाटेत असतं. समोरच्यानं स्क्रीनशॉट काढला, तर कोणतंच तंत्र कामाला येत नाही.

आता इन्स्टाग्राम. घरून केक विकणारी, मेंदी काढणारी, शिवणकाम करणारी आपली किती बहिणी-भाभी तिथूनच गिऱ्हाईक मिळवतात. दुकानाचं भाडं नाही, दलाल नाही. ते ॲप वापरू नका, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण १० सप्टेंबर २०२३ ची रात्र विसरता येत नाही. खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह मजकुराचं निमित्त झालं. जमाव मशिदीवर चालून गेला, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. सातारा जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. दोष दगड उचलणाऱ्यांचा आणि त्यांना उठवणाऱ्यांचा, हे स्पष्टच आहे. तरीही इंजिनिअर म्हणून सांगतो: तुमचा फोटो आणि नाव घेऊन खोटं अकाउंट उघडायला पाच मिनिटं पुरतात. पासवर्ड सोपा असेल, तर खरं अकाउंटही दुसऱ्याच्या हाती जातं. मग पोस्ट कोणाचीही असो, दार तुमचं ठोठावलं जातं.

म्हणून आज रात्री एवढं करा. इन्स्टाग्रामला दुहेरी पडताळणी लावा. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन ठेवा. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी कॉम्प्युटर दिसला, तर लगेच काढा. कोणीही उठून आपल्याला ग्रुपमध्ये टाकू नये, यासाठी प्रायव्हसीत जाऊन 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. अम्मी-अब्बांच्या फोनवरही हे तुम्हीच करून द्या. अकाउंट हॅक झालं, तर लाजू नका. स्क्रीनशॉट ठेवा, मित्रांना कळवा आणि त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. तक्रारीची पोच जपून ठेवा. पैसे गेले असतील, तर १९३० ला फोन करा.

ग्रुप ॲडमिनना एक दिलासा. सदस्याच्या पोस्टसाठी, संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे. पण द्वेष पसरवणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागू शकतं, आणि 'मी फक्त फॉरवर्ड केलं' ही ढाल नाही.

शेवटचं. कोणी आपल्या दीनबद्दल, आपल्या माणसांबद्दल घाणेरडं लिहिलं की रक्त उसळतं. ते साहजिक आहे. तरी तिथेच उत्तर देऊ नका. उत्तरामुळे ती पोस्ट आणखी शंभर लोकांना दिसते. ॲपची रचनाच तशी आहे. पुरावा ठेवा, रिपोर्ट करा आणि गावातल्या ज्या हिंदू मित्राबरोबर क्रिकेट खेळता, त्याला फोन करा. मेसेज नको, फोन. त्याचा आवाज ऐकला की निम्मी आग तिथेच विझते.