टोळीच्या पोटात शिरलेला गुप्तहेर

अकोटच्या बाजारात कापसाच्या गाडीचा नंबर लागेपर्यंत रहस्यकथेसारखी सोबत नाही! हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्णाळकरांचे धनंजय-छोटू आपल्याकडे घरोघरी पोचले. पण गुप्तहेरानं थेट जहाल टोळीचा सभासद व्हायचं, ही गंमत रंगवली कॉनन डॉयल यांनी, होम्सच्या ‘द व्हॅली ऑफ फिअर’ या कादंबरीत. १९१४-१५ मध्ये ती क्रमशः आली. यातला मॅकमर्डो टोळीत शिरताना हातावर तापल्या लोखंडाचा डाग सोसतो. पुढं तोच बातमी आणतो, की एडवर्ड्स नावाचा गुप्तहेर आलाय. त्याला धरायला सगळे म्होरके एका खोलीत दबा धरतात, अन् मॅकमर्डो सांगतो, तो एडवर्ड्स म्हणजे आपणच! (शेवट फोडला, माफ करा.)

हे निव्वळ कल्पनेतलं नव्हतं. १८७३ मध्ये पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेचा जेम्स मॅकपारलंड नाव बदलून पेनसिल्व्हेनियात ‘मॉली मग्वायर्स’ या आयरिश खाणमजुरांच्या गुप्त संघटनेत घुसला. पुढच्या खटल्यांत २० जण फासावर गेले. संस्थेला हे काम देणारा मात्र रेल्वे अन् कोळशाच्या धंद्यातला बडा मालक होता. त्यामुळं मॅकपारलंडची साक्ष कितपत खरी, यावर इतिहासकार अजून भांडतात.