'सन' : एक शब्द, अनेक घराणी



परभणी जिल्ह्यातील एखाद्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जुने दप्तर सोडले, की त्यातील कागदांवर एक शब्द हमखास भेटतो. तो शब्द म्हणजे 'सन'. दोनच अक्षरांचा हा शब्द शिक्षक हजेरीपटावर लिहितात, ग्रामसेवक ठरावाच्या माथ्यावर लिहितात, तलाठी सातबाराच्या उताऱ्यावर लिहितात. रोजच्या वापरामुळे तो इतका परिचित झाला आहे की, तो कोठून आला आणि त्याच्या पुढील आकडा नेमका कोणत्या कालगणनेचा, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. मराठवाड्यात मात्र या प्रश्नाच्या उत्तरावर कधी कधी एखाद्या कुटुंबाची जमीन, वारसाहक्क किंवा वयाचा दाखला अवलंबून असतो. म्हणून या लहानशा शब्दाची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

मराठीतील 'सन' हा मूळचा अरबी शब्द. अरबीत 'सना' म्हणजे वर्ष. दक्षिणेतील सुलतानांच्या राजवटीत तो कारभाराच्या भाषेतून मराठीत आला आणि येथेच रुळला. 'सनावळी' हा शब्द त्याच्यापासून आपण घडविला. 'सनद' हा शब्द दिसायला त्याचा भाऊ वाटतो; तोही अरबीच आहे, पण त्याचा धातू वेगळा. आधार, पुरावा, लेखी प्रमाण असा त्याचा अर्थ. 'साल' हा शब्द फारसी असून आपल्या संस्कृत 'शरद्' शब्दाचा तो दूरचा नातलग आहे. शंभर शरद जगण्याचा आशीर्वाद देणारे आपले पूर्वज आणि 'साल' म्हणणारे इराणी या दोघांनीही एकाच मूळ शब्दाने वर्ष मोजले. 'सन' आणि 'साल' आपण आज एकाच अर्थाने वापरतो. घराणी मात्र दोन.

आता या शब्दाचे सारखे दिसणारे सोबती पाहू. 'सण' म्हणजे उत्सव, हा शब्द संस्कृत 'क्षण' यापासून प्राकृतातील 'छण' या रूपाने आला. संस्कृतात 'क्षण' या शब्दाचा उत्सव असाही अर्थ होता. 'सण' हाच उच्चार एका पिकाचाही आहे. संस्कृत 'शण' म्हणजे तागाचे झाड. हिंदीत त्याला 'सन' म्हणतात आणि इंग्रजी कृषिग्रंथांत ते 'सन हेंप' या नावाने गेले. आपला शेतकरी त्याला ताग म्हणतो, दोर वळतो आणि फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत गाडून त्याचे हिरवळीचे खत करतो. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले; तेथील ग्रंथालयात इंग्रजी पुस्तकातील 'सन' वाचून विद्यार्थ्याने शेतातला ताग ओळखावयाचा असतो.

इंग्रजीत 'सन' म्हणजे सूर्य आणि त्याच उच्चाराचा दुसरा 'सन' म्हणजे पुत्र. यांपैकी पुत्रवाचक शब्द संस्कृत 'सूनु' याचा सख्खा नातलग होय. संस्कृतात 'सन' म्हणजे जुना. 'सनातन' या शब्दात हाच भाव आहे. लॅटिनमधील 'सेनेक्स', म्हणजे वृद्ध, हा त्याचाच भाऊबंद आणि त्यातूनच 'सिनियर' व 'सिनेट' हे शब्द निघाले. विद्यापीठाच्या 'सिनेट'चा मूळ अर्थ वडीलधाऱ्यांची सभा असा आहे. जपानी माणूस नावापुढे 'सान' लावतो, तो आपल्या 'राव'सारखा आदरार्थी. चिनी भाषेत त्याच्याशी जुळत्या उच्चाराने तीन हा आकडा सांगतात. स्पॅनिश भाषेतील 'सान' म्हणजे संत. कन्नडमधील 'सण्ण' म्हणजे लहान. एकच ध्वनी प्रत्येक भाषेने आपापल्या गरजेप्रमाणे घडविला. ध्वनी जुळला म्हणून नाते जुळते असे नाही आणि नाते असले म्हणून ध्वनी जुळेलच असेही नाही, हा भाषाशास्त्राचा पहिला धडा येथे मिळतो.

हाच धडा जुन्या कागदांना लागू पडतो. 'सन' शब्द तोच असला तरी त्याच्यामागे निरनिराळ्या कालगणना उभ्या असतात.

पेशवेकालीन मोडी कागदांत शुहूर सन आढळतो. तो आकड्यांत न लिहिता अरबी संख्याशब्दांत लिहिला जाई. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास, मे महिन्याच्या अखेरीस सुरू होई. त्यात मे ते डिसेंबरपर्यंत ५९९ व जानेवारीपासून पुढे ६०० मिळविले, की इसवी सन येतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, ती याच ११६१ च्या वर्षात.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे महसुलासाठी फसली सन चाले. 'फसल' म्हणजे पीक. हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे वसुलीची तारीख पिकाच्या हंगामापासून सरकत जाई. ही अडचण दूर करण्यासाठी सौर वर्षावर बेतलेला फसली सन मोगल काळात सुरू झाला. हैदराबादेत पुढे तो आझूर महिन्यापासून, ऑक्टोबरच्या सुमारास, सुरू होऊ लागला. या फसली सनात ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवावे लागतात.

एक उदाहरण पाहा. जहागिरी रद्द करणाऱ्या विनियमावर १३५८ फसली असे वर्ष आहे. त्याचा अंमल १५ ऑगस्ट १९४९ रोजी सुरू झाला. येथे ५९० मिळविणारा १९४८ वर येऊन थांबेल आणि त्याचा हिशेब एका वर्षाने चुकेल. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा. तो इसवी सन समजून वाचला, तर तो बहामनी राज्याच्याही आधीचा ठरेल! ज्या दिवशी मराठवाडा मुक्त झाला, तो १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस शके १८७०, हिजरी १३६७ आणि फसली १३५७ या वर्षांत पडतो. दिवस एकच, सन चार.

उर्दू कागदांत आणखी एक खूण लक्षात ठेवावी. आकड्यांच्या खाली जी लांब ओढलेली रेघ दिसते, ती रेघ नसून 'सना' हाच शब्द असतो. आकड्याच्या शेवटी 'फे' हे अक्षर असेल तर वर्ष फसली, 'हे' असेल तर हिजरी, आणि हमजाची लहान खूण असेल तर इसवी समजावे. लेखनिकाची ही खूण नजरेतून सुटली, तर फसली १३४० हे हिजरी १३४० समजले जाते. पहिले १९३०-३१ मध्ये येते, दुसरे १९२१-२२ मध्ये. नोंद जन्माची असेल तर माणसाचे वय नऊ वर्षांनी बदलते. फेरफाराची असेल तर बापाच्या मृत्यूनंतरचा व्यवहार त्याच्या हयातीतील ठरू शकतो.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. २०२३ साली राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. त्या वेळी उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची गरज साऱ्यांनाच जाणवली. ज्या पिढीने शाळेत उर्दूतून धडे गिरवले, ती पिढी आता फारच थोडी उरली आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी करण्याजोग्या आहेत. जुन्या नोंदीची नक्कल देताना मूळ सन आहे तसाच लिहावा, कोणता सन ते नमूद करावे आणि इसवी वर्ष त्याच्या शेजारी स्वतंत्र द्यावे. मूळ आकडा खोडून नवा लिहू नये. शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरातील फसली वर्षांचा तक्ता मुख्याध्यापकांनी करून ठेवावा. पंचायतीच्या सदस्यांनी गावातील उर्दू व मोडी जाणणाऱ्या वृद्धांना कागद दाखवून घ्यावेत आणि त्यांच्या शेजारी एखादा तरुण शिकण्यासाठी बसवावा.

शब्द लहान असला तरी त्याच्या मागे पिढ्यांचा हिशेब असतो. वर्षानुवर्षे पेटीत जपलेला कागद घेऊन एखादी वृद्ध स्त्री कचेरीच्या पायरीवर उभी राहते, तेव्हा त्या कागदावरील 'सन' नीट वाचला जाणे हा तिचा हक्क आहे आणि तो तसा वाचणे हे आपले कर्तव्य आहे.