आरामखुर्ची घेताना



१ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला आणि पालघर-बोईसर रस्त्यावरच्या आमच्या कोळगावात जिल्ह्याचं मुख्यालय उभं राहिलं. २०२१मध्ये जिल्हाधिकारी कार्यालय नव्या इमारतीत आलं. त्यामागोमाग नवे फ्लॅट आले, नवी बिऱ्हाडं आली. नव्या घरात सामानही बहुतेक नवंच येतं. प्लायवूडचं, भुशाच्या फळ्यांचं, वरून सनमायका लावलेलं. ते परवडतं, हलवायला सोपं जातं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण इथून जवळच, चिंचणी, तारापूर, केळवे, माहीम या किनाऱ्यावरच्या गावांत, जुन्या घरांमधून सागाचं आणि शिसवीचं सामान अजून आहे. ती घरं आता एकेक करून उतरवली जाताहेत. त्या सामानाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

मला लहानपणापासून एक आरामखुर्ची हवी होती. पाठ कललेली, वेताने विणलेली, आणि हातांखालच्या लांब फळ्या फिरवून पुढे आणल्या की त्यांच्यावर पाय टाकता येतात, अशी. तिच्यासाठी चोरबाजारातली मटण स्ट्रीट पालथी घातली, ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात हिंडले. मिळाली ती शेवटी चिंचणीच्या एका घरात. घरातल्या आजींनी मला किंमत विचारूच दिली नाही. म्हणाल्या, "आधी बस तर खरी. उठावंसं वाटलं नाही, तर मग पैशांचं बोलू."

मी बसले. माझ्याबरोबर आलेल्या सुतारमामांनी मात्र मला लगेच उठवलं आणि खुर्ची चक्क उलटी केली. जुनं सामान घेणाऱ्या प्रत्येकाने हे करायला हवं. दर्शनी बाजू पॉलिशने कुणीही चकचकीत करतो. खरं काय ते खालून आणि मागून कळतं. मामांनी पायांचे सांधे पाहिले. साल आणि कुसू पाडून लाकडात लाकूड बसवलेलं होतं, आरपार लाकडी खुंटी ठोकलेली होती. एका ठिकाणी मात्र स्टार स्क्रू दिसला. अशा फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले. म्हणजे एक तर खुर्ची त्यानंतरची, किंवा तो स्क्रू नंतरच्या दुरुस्तीचा. बाकी सगळे सांधे खुंटीचे होते, तेव्हा ती दुरुस्ती आहे हे उघड होतं. मग त्यांनी पायांच्या टोकांना नख लावून पाहिलं. सागाच्या गाभ्यात तेलाचा अंश असतो, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. सालीलगतचं फिकट, कच्चं लाकूड मात्र कीड खाते. बारीक भोकं दिसली आणि खाली ताजा भुसा पडत असेल, तर कीड अजून जिवंत आहे असं समजावं.

साग किती टिकतो, याचा एक दाखला मुंबईचाच आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी मलबारी सागाचं एक लढाऊ जहाज बांधलं आणि १८१७ साली ते पाण्यात सोडलं. 'ट्रिंकोमाली' हे त्याचं नाव. इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे ते आजही तरंगत्या अवस्थेत जतन केलेलं आहे. दोनशे वर्षांहून जास्त काळ समुद्राला पुरून उरलेलं हे लाकूड आपल्या ओटीवर तीन पिढ्या टिकलं, यात नवल नाही. सागाचं जुनं, पक्कं झाड वाढायला कित्येक दशकं लागतात. म्हणून जुनी खुर्ची वापरात राहते, तेव्हा लाकूडही वाचतं आणि कारागिराचे श्रमही.

आता वेताविषयी. माझ्या खुर्चीची बैठक मधोमध फाटली होती. खरं हातविणीचं काम ओळखायचं सोपं आहे. चौकटीला एका ओळीत आरपार भोकं पाडलेली असतात आणि वेताची पट्टी त्या भोकांतून वरखाली जाते. तयार जाळी बसवलेली असेल, तर भोकांऐवजी एक सलग खाच दिसते आणि जाळी तिच्यात पट्टी ठोकून दाबलेली असते. हातविणीत आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या-आडव्या आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरप्या घालतात. तेव्हा कुठे ती अष्टकोनी नक्षी उमटते. वेत भिजवून विणतात. वाळला की तो आवळतो, आणि बैठक ताठ होते. आपल्याकडे हे काम दृष्टिहीन मुलामुलींना शिकवण्याची जुनी परंपरा आहे, आणि वेताच्या कितीतरी खुर्च्या त्यांच्या बोटांनी विणल्या आहेत. सरकारी कचेरीत ज्यांनी वेताच्या खुर्चीवर बसून काम केलं, त्यांनी हे लक्षात ठेवावं. आज विणणारे हात कमी झालेत. काम देणारे राहिले, तरच ते टिकतील. म्हणून भाव ठरवताना विणकामाची मजुरी धरूनच हिशेब करा, आणि ती मजुरी देताना घासाघीस करू नका.

आता पॉलिशविषयी. जुन्या सामानाला लाखेचं पॉलिश असतं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने एकावर एक हात देतात. घाईघाईने मशीन लावून वरचा थर घासून काढला, तर वर्षानुवर्षांच्या वापराने चढलेला रंग जातो, आणि तो पुन्हा आणता येत नाही. आधी ओलसर फडक्याने पुसा, वाळू द्या, मगच ठरवा.

एक कायद्याची गोष्ट. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या कलावस्तू खासगी रीतीने परदेशी पाठवता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. परदेशातल्या नातलगांना आजोबांची खुर्ची पाठवायचा विचार असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

खुर्ची आता कोळगावच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी आहे. घरातले सगळे तिच्यावर बसतात. जुनी वस्तू घ्यावी ती वापरण्यासाठी. हात लावू नका म्हणून बजावायचं असेल, तर ती घेऊच नये.

आणि ज्यांची जुनी घरं उतरवायची आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एका जाणत्या सुताराला बोलवा. सागाची वस्तू किलोवर देऊ नका. ती घरात कुणी आणली, कधी आणली, कुणी बनवली, हे ज्येष्ठांना विचारून कागदावर लिहा आणि तो कागद घेणाऱ्याच्या हातात द्या.